हिरवळीवरच्या करप्यासाठी बुरशीनाशकांची चाचणी कशी घ्यावी

पुण्यातल्या एका क्रिकेट मैदानाच्या देखभालीला मी सल्ला देत असे. तिथे दर वर्षी जुलैच्या मध्याला बर्म्युडा गवतावर, म्हणजे आपल्या हरळीच्याच जातभाईवर, तपकिरी ठिपके दिसू लागत, पाने टोकाकडून वाळत आणि ऑगस्टपर्यंत मैदानभर वेडेवाकडे, गवताच्या काडीच्या रंगाचे चट्टे पडत. त्यावर कार्बेन्डॅझिम या बुरशीनाशकाची फवारणी ठरलेली होती. ऑगस्टअखेरीस पावसाने उघडीप दिली की गवत पुन्हा हिरवे होई आणि औषध लागू पडल्याबद्दल सगळ्यांची खात्री पटे. एका वर्षी मी फवारणीच्या आधी आठ फूट बाय चार फुटांच्या चार प्लायवुडच्या फळ्या मैदानात चार ठिकाणी आडव्या टाकायला लावल्या, फवारणी संपताच त्या उचलल्या आणि चौकोनांच्या कोपऱ्यांवर खुणा करून ठेवल्या. तीन आठवड्यांनी मैदान सांभाळणारे मामा त्या चौकोनांपाशी उभे राहून म्हणाले, “सर, खुणा केल्या नसत्या, तर फळीखालचं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, मला सांगता आलं नसतं.”

कित्येक वर्षांच्या फवारणीने जे सांगितले नव्हते, ते त्या चार फळ्यांनी सांगितले. बुरशीजन्य रोग हवामानाबरोबर चढतो आणि हवामानाबरोबर उतरतो, त्यामुळे सगळ्या मैदानावर औषध मारून नंतर ‘फरक पडला’ असे म्हणण्याला काही अर्थ नसतो. फरक कशाच्या तुलनेत पडला, हे दाखवणारा न फवारलेला तुकडा शेजारी हवा. पुढे जे लिहिले आहे, ते या एका गोष्टीचाच विस्तार आहे. मैदानांचे आणि गोल्फ कोर्सचे व्यवस्थापक, मोठ्या बागांचे देखभालदार आणि वनस्पती रोगशास्त्राचे विद्यार्थी यांना ही पद्धत थोड्याफार फरकाने वापरता येईल.

आधी रोग ओळखा

चाचणीचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. ‘लॉनला बुरशी लागली आहे’ हे निदान नव्हे. आमच्या मैदानावरचा रोग बायपोलॅरिस या बुरशीमुळे होणारा पानांवरील करपा होता आणि कार्बेन्डॅझिम ज्या बेन्झिमिडॅझोल गटात मोडते, तो गट नेमका या प्रकारच्या बुरशींवर चालत नाही. रायझोक्टोनियामुळे पडणाऱ्या तपकिरी चट्ट्यांवर तेच औषध बऱ्यापैकी काम करते. पिथियम तर खऱ्या अर्थाने बुरशीच नाही, तिचे कुळ वेगळे आहे, म्हणून तिच्यावर कार्बेन्डॅझिमही चालत नाही आणि प्रोपिकोनॅझोलसारखी ॲझोल गटातील औषधेही चालत नाहीत. तिथे मेटॅलॅक्झिलसारखे औषध लागते. तेव्हा चुकीच्या रोगावर अत्यंत काटेकोर चाचणी घेण्यापेक्षा आठवडाभर निदानात घालवलेला बरा.

निदानाची घरगुती म्हणावी अशी एक रीत आहे. चट्ट्याच्या मधोमध मेलेले गवत घेऊ नये, कारण त्यावर कुजक्या पानांवर जगणाऱ्या इतर बुरश्या आधीच बसलेल्या असतात. चट्ट्याच्या कडेचे, जिथे हिरवे आणि तपकिरी एकमेकांना भिडतात तिथले, मुळांसकट चार-पाच तुकडे सकाळी काढावेत. ओला टिश्यू पेपर घातलेल्या झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ते रात्रभर ठेवावेत. दुसऱ्या दिवशी पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा ठिपक्यावर दाबून, पाण्याचा थेंब टाकलेल्या काचपट्टीवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. बायपोलॅरिसचे बीजाणू तपकिरी, विडीसारखे लांबट, किंचित वाकलेले आणि आडव्या पडद्यांनी अनेक कप्प्यांत विभागलेले दिसतात; कर्व्ह्युलॅरियाचे बीजाणू आखूड असतात आणि मधला कप्पा फुगल्यामुळे कोपरात वाकल्यासारखे दिसतात. बीजाणू नसतील, पण काटकोनात फांद्या फुटलेले आणि फांदीच्या मुळाशी आवळलेले जाड तंतू असतील, तर रायझोक्टोनियाचा संशय घ्यावा. पहाटे गवतावर कापसासारखे पांढरे जाळे दिसत असेल, पाने तेलकट लागत असतील आणि चट्टे पाण्याच्या ओघळाच्या किंवा मॉवरच्या, म्हणजे गवत कापण्याच्या यंत्राच्या, चाकाच्या दिशेने लांबत असतील, तर पिथियम असण्याची शक्यता मोठी. सूक्ष्मदर्शक नसेल तर नमुना कागदी पिशवीत घालून जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे न्यावा. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत तो तीन दिवस प्रवास करून गेला, तर तिथे पोहोचतो तो निव्वळ चोथा.

विद्यार्थी याच टप्प्यावर बशीतील चाचणीही करतात. बटाटा-डेक्स्ट्रोज-आगार या बुरशी वाढवण्याच्या माध्यमात औषध मिसळून त्यावर बुरशी वाढवायची आणि तिच्या वर्तुळाचा व्यास औषधाविना वाढवलेल्या बशीशी ताडून पाहायचा, अशी ती पद्धत आहे. निरुपयोगी औषधे गाळून टाकायला ती उत्तम. मात्र बशीत पाऊस पडत नाही आणि मॉवर फिरत नाही. त्यामुळे बशीत पहिले आलेले औषध मैदानावरही पहिले येईल, असे समजून पुढचे काम टाळू नये.

काय ताडून पाहायचे

औषधांची निवड करताना हाताशी असलेली सगळी पाकिटे चाचणीत घालण्याचा मोह आवरावा. प्रत्येक प्रक्रियेमागे, म्हणजे वाफ्यावर करून पाहायच्या प्रत्येक उपचारामागे, एक प्रश्न असला पाहिजे. आमच्या चाचणीत सहा प्रक्रिया होत्या: नुसते पाणी, मैदानावर चालत आलेले कार्बेन्डॅझिम, पानाच्या पृष्ठभागावर राहून काम करणारे मॅन्कोझेब, ॲझोल गटातील प्रोपिकोनॅझोल, स्ट्रोबिल्युरिन गटातील ॲझॉक्सिस्ट्रोबिन, आणि सहावी, ॲझॉक्सिस्ट्रोबिन व मॅन्कोझेब आळीपाळीने. शेवटच्या प्रक्रियेचे कारण असे, की ॲझॉक्सिस्ट्रोबिन बुरशीच्या श्वसनक्रियेतील एकाच जागी घाव घालते, त्यामुळे त्याला दाद न देणारी बुरशी लवकर निपजण्याचा धोका असतो. मॅन्कोझेब अनेक जागी काम करते, म्हणून तो धोका तिथे फार कमी. आळीपाळीने फवारल्यावर परिणाम टिकतो की घसरतो, हे मैदानाच्या माणसाला खरोखर हवे असते. चालू पद्धतीचा समावेशही आवश्यक आहे, कारण नवे औषध ‘काहीच न करण्यापेक्षा’ बरे ठरले, एवढ्यावर कोणी खर्च बदलत नाही.

कोणतेही औषध चाचणीत घेण्यापूर्वी त्याचे लेबल आणि सोबतचे माहितीपत्रक पूर्ण वाचावे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली बुरशीनाशकेही येतात आणि कोणत्या पिकावर, कोणत्या रोगासाठी व किती मात्रेने वापरण्यास मान्यता आहे, हे लेबलवर दिलेले असते. लेबलवरचा रंगीत त्रिकोणही पाहावा. लाल सर्वांत जहाल, त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. जिथे मुले अनवाणी खेळतात, तिथे हा त्रिकोण निवडीचे कारण ठरू शकतो आणि ठरावा.

वाफ्यांची आखणी

एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब वाफा हिरवळीला पुरतो. प्रत्येक प्रक्रियेच्या चार पुनरावृत्ती धरल्या, तर सहा प्रक्रियांचे २४ वाफे होतात आणि मध्ये अर्ध्या मीटरच्या न फवारलेल्या पट्ट्या सोडल्या, की एकूण साडेआठ मीटर बाय साडेनऊ मीटर जागा लागते. एवढी जागा सीमारेषेबाहेर किंवा सरावाच्या पट्ट्यांमागे सहज निघते. मुख्य मैदानावर चाचणी घेऊ नये. मुंबईतली कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा १९४८ पासून अनेक वर्षे ऐन पावसाळ्यात खेळली गेली. खिळ्यांचे बूट घालून धावणारे अकरा खेळाडू तुमच्या वाफ्यांची सीमा मानणार नाहीत.

चार पुनरावृत्ती म्हणजे चार गट. प्रत्येक गटात सहाही प्रक्रिया एकदा येतात. गट पाडताना जमिनीकडे नीट पाहावे: उतार कुठे आहे, गॅलरीची सावली कुठवर येते, पाणी कुठे तुंबते. उतार असेल तर गट उताराला आडवे ठेवावेत, म्हणजे एका गटातील सहाही वाफे साधारण सारख्याच ओलाव्यावर येतात आणि वरच्या व खालच्या बाजूंमधला फरक गटागटांत वाटला जातो. मग प्रत्येक गटासाठी स्वतंत्रपणे चिठ्ठ्या टाकाव्यात. एका वाटीत सहा चिठ्ठ्या घालाव्यात, एकेक काढून वाफ्याला क्रमांक द्यावा, पुन्हा वाटीत घालाव्यात आणि दुसऱ्या गटासाठी पुन्हा काढाव्यात. पुनरावृत्ती, यादृच्छिक मांडणी आणि गट या तीन कल्पना सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेतांवर १९२० च्या दशकात मांडल्या आणि आजही त्यांना पर्याय नाही. चिठ्ठीत चांगले औषध वाईट जागी आले म्हणून चिठ्ठी बदलणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करायचे असेल तर चिठ्ठ्या टाकूच नयेत.

कोपऱ्यांना लाकडी खुंट्या मारू नयेत, कारण मॉवर अडतो. लांब खिळ्याला रंगवलेला मोठा वॉशर घालून तो गवताच्या मुळाशी टेकेपर्यंत ठोकावा. २४ वाफ्यांचे ९६ खिळे होतात. हा आकडा वहीत लिहून ठेवावा. नकाशाच्या दोन प्रती काढून एक कार्यालयात आणि एक घरी ठेवावी.

खत, पाणी आणि कापणी सगळ्या वाफ्यांवर अगदी सारखी हवी. नत्राच्या कमी-जास्त प्रमाणाने रोगाचा जोर बदलतो, त्यामुळे एका कोपऱ्यात युरियाची मूठ जास्त पडली, तर तिचा परिणाम तुम्ही औषधाच्या खात्यावर मांडाल. कापणी नेहमी पाने कोरडी असताना आणि गटाच्या लांबीच्या दिशेने करावी. ओल्या गवतातून मॉवर फिरला की तो बीजाणूंची वाहतूक करतो.

रोग येईलच याची खात्री नसेल, तर त्याच मैदानातून वेगळी केलेली बुरशी निर्जंतुक केलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर वाढवून ते दाणे वाफ्यांवर सारखे पसरण्याची रीत आहे. मी एका वर्षी ती केली. सकाळी आठला दाणे पसरले आणि दहाच्या सुमारास तिथे चाळीसेक साळुंक्या जेवत होत्या. त्यानंतर दाणे पसरल्यावर दोन दिवस वर जाळी अंथरायची, असे ठरवले. पण खरे सांगायचे तर, पावसाळ्यात ज्या कोपऱ्यात सलग दोन वर्षे करपा आला आहे, तिथे बुरशी बाहेरून आणण्याची गरज भासत नाही.

मात्रा आणि पाणी

इथे आपल्याकडची एक सवय आड येते. औषधाची मात्रा आपण ‘लिटरला अडीच ग्रॅम’ अशी सांगतो आणि त्या लिटरने किती जागा भिजवली, हे विचारत नाही. लिटरला अडीच ग्रॅम हेच द्रावण हेक्टरी ५०० लिटर फवारले तर जमिनीवर सव्वा किलो औषध पडते आणि ८०० लिटर फवारले तर दोन किलो. एकच ‘मात्रा’ म्हणून सांगितलेल्या दोन गोष्टींत दीडपटीहून अधिक तफावत! चाचणीत मात्रा नेहमी क्षेत्रावर धरावी आणि पाणी सर्व वाफ्यांना सारखे द्यावे.

पानांवरच्या रोगांसाठी हिरवळीवर हेक्टरी सुमारे ८०० लिटर पाणी योग्य पडते. म्हणजे चौरस मीटरला ८० मिलिलिटर, दोन चौरस मीटरच्या वाफ्याला १६० मिलिलिटर आणि चार वाफ्यांना ६४० मिलिलिटर. पंपात आणि नळीत थोडे उरतेच, म्हणून प्रत्येक प्रक्रियेसाठी एक लिटर द्रावण करावे, ते १२.५ चौरस मीटरला पुरण्याइतके असते. एखाद्या भुकटीची मात्रा हेक्टरी दोन किलो, म्हणजे चौरस मीटरला ०.२ ग्रॅम असेल, तर त्या एका लिटरमध्ये अडीच ग्रॅम भुकटी पडेल. द्रव औषधाची मात्रा हेक्टरी एक लिटर असेल, तर १.२५ मिलिलिटर. एवढ्या बारीक मापाला सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज लागते. बाटलीच्या झाकणाने मोजू नये.

पंपाचे मोजमाप नुसत्या पाण्याने, फवारणीच्या आदल्या दिवशी करावे. अर्ध्या मीटरच्या अंतरावर दोन पंख्याच्या आकाराची फवार देणारी नोझल बसवलेला हाती दांडा घ्यावा, म्हणजे एका फेरीत एक मीटरचा पट्टा भिजतो. हाताने दाब द्यावा लागणाऱ्या पंपापेक्षा बॅटरीचा पंप बरा, कारण दाब सारखा राहतो. प्रत्येक नोझलखाली मोजपात्र धरून एक मिनिटाचे पाणी मोजावे. दोन्हींत पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर नोझल बदलावे. पिनेने टोकरून दुरुस्त करायला जाऊ नये, त्याने छिद्राचा आकार कायमचा बिघडतो. समजा, दोन्ही मिळून मिनिटाला १.२ लिटर, म्हणजे सेकंदाला २० मिलिलिटर पाणी पडते. वाफ्याला १६० मिलिलिटर हवे, तर एकूण आठ सेकंद. ते एकाच फेरीत न देता चार सेकंदांची एक फेरी जाताना आणि चार सेकंदांची एक फेरी येताना, असे द्यावे. चालताना झालेली चूक दोन फेऱ्यांत थोडी भरून निघते. चार सेकंदांत दोन मीटर हा वेग वाटतो त्याहून संथ आहे. मोबाइलवर सेकंदाचा ठोका लावून, फरशीवर खडूने रेघा मारून वीस-पंचवीस वेळा सराव केल्याशिवाय तो पायात बसत नाही. चाल वाफ्याच्या एक पाऊल आधी सुरू करून एक पाऊल पुढे जाऊन थांबावी. दांड्याची कळ मात्र रेषेवरच दाबावी आणि रेषेवरच सोडावी.

प्रत्यक्ष फवारणी

करप्यासारख्या रोगात बहुतेक औषधे आधी फवारली तरच नीट काम करतात. म्हणून पहिली फवारणी पावसाने जोर धरल्यावर, पण ठिपके दिसण्यापूर्वी करावी आणि पुढे दर १४ दिवसांनी, एकूण चार. चट्टे पडल्यानंतर सुरुवात करायची असेल तर ती वेगळी चाचणी समजावी. दोन्हींचे निष्कर्ष एकत्र करू नयेत आणि ‘रोग आल्यावर’च्या चाचणीत पहिल्या फवारणीपूर्वी प्रत्येक वाफ्यातील रोगाची नोंद घ्यावी.

पुण्याच्या पावसाळ्यात फवारणीला मुहूर्त मिळणे हीच मोठी अडचण असते. पाने कोरडी हवीत, वारा झाडाची पाने जेमतेम हलवील इतकाच हवा आणि नंतर निदान काही तास पाऊस नको. बहुतेक वेळा पहाटे साडेसहा ते आठ ही वेळ साधते. फवारा शेजारच्या वाफ्यावर जाऊ नये म्हणून दोन माणसांनी दोन्ही बाजूंना प्लायवुडच्या फळ्या उभ्या धराव्यात. औषधाचे श्रेय हिरावणाऱ्या त्याच फळ्या इथेही कामाला येतात. सुरुवात नुसत्या पाण्याच्या वाफ्यांपासून करावी. नंतर एकेका औषधाचे चारही वाफे पूर्ण करावेत आणि औषध बदलताना टाकी, नळी व नोझल तीनदा स्वच्छ पाण्याने धुवावे. प्रत्येक वेळी पंपात उरलेले द्रावण मोजून लिहावे. ६४० मिलिलिटर जायला हवे होते आणि ७४० गेले, तर त्या दिवशी तुमची चाल मंदावली होती आणि औषध जास्त पडले आहे, हे त्याच दिवशी कळते. फवारणीनंतर २४ तास कापणी आणि पाणी बंद ठेवावे.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, गॉगल आणि योग्य मास्क यांच्याशिवाय पंप पाठीला लावू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती औषधे प्रामुख्याने कीटकनाशके होती, पण ‘हे तर नुसतं बुरशीनाशक’ म्हणून उघड्या हाताने द्रावण ढवळण्याला त्याने मुभा मिळत नाही. चाचणीच्या जागेला दोरी बांधून लोकांना आत येऊ देऊ नये.

निरीक्षण

नोंदी दर आठवड्याला, शक्यतो त्याच वारी, त्याच वेळी आणि एकाच माणसाने घ्याव्यात. त्या माणसाला कोणत्या वाफ्यात काय फवारले आहे, हे माहीत नसावे. मी स्वतः नकाशा केलेला असल्याने मला ते माहीत असे. म्हणून आमच्या चाचणीत आकडे मामा सांगत आणि मी फक्त लिहीत असे. दोघांचेही आकडे काही दिवस गुपचूप ताडून पाहिले, तेव्हा ज्या औषधावर माझा जीव होता, त्या वाफ्यांत मला रोग सतत थोडा कमी दिसत होता. हा अप्रामाणिकपणा नव्हे. डोळा असाच चालतो.

अंदाजाने ‘२० टक्के’ म्हणण्यापेक्षा दोऱ्यांची चौकट वापरावी. ५० सेंटिमीटरची चौरस लाकडी चौकट करून तिला दहा उभ्या आणि दहा आडव्या दोऱ्या सारख्या अंतरावर बांधाव्यात; शंभर छेद मिळतात. चौकट वाफ्यात दोन जागी ठेवून, ज्या छेदांखाली रोगट पान दिसते ते छेद मोजावेत. दोन जागांची सरासरी हीच वाफ्यातील रोगाची टक्केवारी. वाफ्याच्या कडेचा दहा सेंटिमीटरचा भाग मोजणीत धरू नये, कारण तिथे फवारा कमी-जास्त पडलेला असतो आणि शेजारचा रोग आधी तिथेच शिरतो.

रोगाखेरीज गवताचा दर्जाही १ ते ९ या मापावर लिहावा. १ म्हणजे मेलेले, ९ म्हणजे निर्दोष आणि ६ म्हणजे चालण्यासारखे. या स्तंभाचे महत्त्व उशिरा लक्षात येते. प्रोपिकोनॅझोलसारखी ॲझोल औषधे बर्म्युडाची वाढ रोखू शकतात. पाने गर्द, निळसर हिरवी आणि जरा राठ होतात. रोग कमी, पण चट्ट्यांची जागा भरून काढण्याची गवताची ताकदही कमी, असे चित्र मग दिसते. केवळ रोगाची टक्केवारी पाहणाऱ्याला ते दिसणार नाही. पानांची टोके जळणे, रंग उतरणे अशा गोष्टी फवारणीनंतर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी वेगळ्या नोंदवाव्यात. शिवाय रोजचा पाऊस, कमाल-किमान तापमान आणि सकाळी पाने किती वाजेपर्यंत ओली होती, एवढे तरी लिहावे. आठ दिवसांनी ‘या आठवड्यात रोग एकदम का वाढला?’ असा प्रश्न पडला की उत्तर बहुधा याच वहीत सापडते.

फोटो काढताना प्रत्येक वेळी त्याच उंचीवरून, ढगाळ प्रकाशात किंवा छत्रीच्या सावलीत काढावेत. ऊन-सावलीच्या फोटोत निरोगी गवतही करपलेले दिसते.

आकड्यांचे काय करायचे

शेवटच्या दिवसाची टक्केवारी एवढाच आकडा घेतला तर रोग लवकर आला की उशिरा, हे हरवते. म्हणून सगळ्या आठवड्यांच्या नोंदींचा आलेख काढून त्याखालचे क्षेत्रफळ मोजतात. हिशेब सोपा आहे: लागोपाठच्या दोन नोंदींची सरासरी गुणिले मधले दिवस आणि या सगळ्यांची बेरीज. एखाद्या वाफ्यातील नोंदी सात-सात दिवसांनी २, १०, २४ आणि ३० टक्के अशा असतील, तर ४२ अधिक ११९ अधिक १८९ मिळून ३५० येतात. न फवारलेल्या, म्हणजे नुसत्या पाण्याच्या, वाफ्यांची सरासरी ३५० आणि एखाद्या औषधाची ७० असेल, तर ३५० मधून ७० वजा करून ३५० ने भागायचे: रोगनियंत्रण ८० टक्के. हे सूत्र ॲबट यांनी १९२५ मध्ये कीटकनाशकांसाठी मांडले आणि तेच इथेही चालते.

दोन औषधांमधला फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवायला प्रसरणाचे विश्लेषण (ANOVA) करावे लागते, म्हणजे आकड्यांतला चढउतार प्रक्रिया, गट आणि उरलेला योगायोग (त्रुटी) यांत वाटून पाहावा लागतो. ते कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये होते. सहा प्रक्रिया आणि चार गटांत एकूण स्वातंत्र्यमात्रा (degrees of freedom) २३, त्यांपैकी प्रक्रियांच्या पाच, गटांच्या तीन आणि त्रुटीच्या १५. त्रुटीचा सरासरी वर्ग ३२ आला असे समजू. त्याची दुप्पट भागिले चार म्हणजे १६, वर्गमूळ चार आणि १५ स्वातंत्र्यमात्रांसाठी पाच टक्के पातळीवरील टी-कोष्टकातल्या २.१३१ ने गुणून ८.५. दोन प्रक्रियांच्या सरासरीत ८.५ पेक्षा कमी अंतर असेल, तर त्यांत फरक आहे असे म्हणू नये. टक्केवारी शून्याच्या किंवा शंभराच्या जवळ एकवटली असेल, तर विश्लेषणापूर्वी आकड्यांचे रूपांतर करावे लागते. हे काम सांख्यिकी जाणणाऱ्याला विचारून करावे आणि शक्य तर चाचणी संपल्यावर नव्हे, आखतानाच विचारावे.

न फवारलेल्या वाफ्यांत रोग आलाच नाही, तर चाचणी बाद समजावी. सहाही प्रक्रिया हिरव्यागार आहेत म्हणजे सहाही उत्तम आहेत, असा निष्कर्ष काढून मोकळे झालेले अहवाल मी वाचले आहेत. त्या वर्षी पाऊस कमी होता, एवढेच त्यातून सिद्ध होते. याच कारणाने एका पावसाळ्याच्या निकालावर खरेदीची ऑर्डर देऊ नये; दुसऱ्या वर्षी, जमल्यास दुसऱ्या मैदानावर, नव्याने चिठ्ठ्या टाकून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. २४ वाफ्यांची ऐपत नसेल, वेळ नसेल किंवा माणसे नसतील, तर निदान फळ्यांची रीत तरी सोडू नये: नेहमीच्या फवारणीच्या वेळी चार ठिकाणी फळी, फवारणी होताच ती उचलायची, नाहीतर गवत पिवळे पडते, आणि दर वेळी फळी त्याच चौकोनावर ठेवायची. चार चौकोन आणि त्यांना लागून असलेले फवारलेले चार चौकोन दर आठवड्याला दोऱ्यांच्या चौकटीने मोजले, तर औषधावरचा खर्च चालू ठेवायचा की नाही, एवढे त्यातून कळते.

चाचणी संपल्यावर खिळे काढायचे काम त्याच आठवड्यात करावे आणि ते मोजून करावे. ९६ ठोकले होते तर ९६ परत यायला हवेत. आमचे पहिल्या वर्षी ९४ आले. उरलेले दोन शोधायला मामा आणि मी लोहचुंबक बांधलेली काठी घेऊन दुपारभर फिरलो. एक सापडला आणि दुसरा चार दिवसांनी रील मॉवरच्या पात्यात निघाला.